कपड्यांतून गोष्ट सांगणारा चित्रकार : जेम्स टिसो

नमस्कार श्रोतेहो.

आज काही चित्रांविषयी बोलायचं आहे. चित्रं तुमच्यासमोर नाहीत, तेव्हा ती शब्दांत उभी करणं हे माझं काम. ते तितकंसं अवघडही नाही, कारण ही चित्रं मुळात गोष्ट सांगण्यासाठीच काढलेली आहेत. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये गोष्ट सांगणाऱ्या चित्रांचं मोठं वेड होतं. लंडनला रॉयल अकॅडमीचं वार्षिक प्रदर्शन भरलं की लोक चित्रं अक्षरशः वाचायला जात. १८५८ साली फ्रिथ यांचं डर्बीच्या घोडेशर्यतीचं चित्र लागलं, तेव्हा गर्दी इतकी झाली की चित्राला धक्का लागू नये म्हणून समोर कठडा बांधावा लागला.

वाचायला जात म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. १८५४ साली अब्राहम सॉलोमन या चित्रकाराने आगगाडीच्या पहिल्या वर्गाच्या डब्याचं चित्र मांडलं. गुबगुबीत गाद्यांचा डबा. एका कोपऱ्यात वयस्क वडील गाढ झोपलेले. त्यांची तरुण मुलगी आणि समोरचा अनोळखी तरुण गप्पांत रंगलेले. बस, एवढंच. हात हातात नाही, जवळीक नाही. पण टीकाकार खवळले. बाप झोपलेला, मुलगी परक्या पुरुषाशी बोलते, आणि दोघांची रीतसर ओळख करून द्यायला कुणी नाही! चांगल्या घरात असं चालत नाही, असा एकूण सूर निघाला. तेव्हा सॉलोमनने तेच चित्र पुन्हा काढलं. या दुसऱ्या चित्रात वडील टक्क जागे आहेत आणि दोघांच्या मध्ये बसले आहेत. तरुण त्यांच्याशी बोलतो आहे, मुलगी पलीकडून ऐकते आहे. आणि त्या तरुणाच्या अंगावर आता नौदलाचा गणवेश चढला आहे. गणवेश चढवल्याबरोबर त्याचं घराणं, हुद्दा, भवितव्य असं सगळं प्रेक्षकाला कळलं आणि लोकांचं समाधान झालं.

माणसं तीच, डबा तोच. बदलले ते कपडे आणि बसायच्या जागा. तेवढ्याने एक अशोभनीय चित्र शोभनीय ठरलं. या काळातल्या चित्रांची ही किल्ली आहे असं मी मानतो. चित्रातल्या माणसाला तोंड उघडता येत नाही. त्याच्या वतीने बोलतात ते त्याची टोपी, हातमोजे, बोटातली अंगठी आणि झग्याची झालर.

हे बोलणं तेव्हाच्या माणसाला सहज कळे, कारण तो रोज तेच जगत होता. दुपारी कुणाकडे भेटीला गेलेला गृहस्थ आपली हॅट आणि काठी दिवाणखान्यात सोबत घेऊन जाई. ती बाहेर ठेवली, तर हा इथे मुक्कामाला आला की काय, असा अर्थ व्हायचा. भेटीला आलेली बाई डोक्यावरचं बॉनेट उतरवत नसे. ही भेट पंधरा-वीस मिनिटांची. नाचाच्या समारंभात हातमोजे रात्रभर हातात, जेवणाच्या टेबलावर मात्र ते काढायचे. नवरा गेलेल्या बाईने साधारण दोन वर्षं दुखवटा पाळायचा. आधी क्रेप लावलेला निस्तेज काळा झगा, मग जरा बरं काळं कापड, मग करडा, फिका जांभळा. रंग पाहून लोक ओळखत की हिला किती महिने झाले.

त्यामुळे रेडग्रेव्ह या चित्रकाराने १८४४ साली परक्या घरात शिकवणाऱ्या गरीब गव्हर्नेसचं चित्र काढलं, तेव्हा त्याला फार काही सांगावं लागलं नाही. काळा झगा आणि हातात काळ्या कडेचं पत्र. घरचं कुणीतरी गेलेलं आहे आणि हिला रडायलाही स्वतःची खोली नाही, हे पाहणाऱ्याला तिथेच कळलं. होल्मन हंट यांच्या १८५३ सालच्या ‘द अवेकनिंग कॉन्शन्स’ या चित्रात एक तरुणी एका पुरुषाच्या मांडीवरून अचानक उठते आहे. तिच्या बोटांत अंगठ्या आहेत, फक्त लग्नाच्या अंगठीचं बोट रिकामं आहे. जमिनीवर एक हातमोजा पडलेला आहे, वापरून टाकून दिलेला. प्रेक्षक गोंधळले, तेव्हा नामवंत कलासमीक्षक रस्किन यांनी टाइम्स वर्तमानपत्राला पत्र लिहून चित्राचा अर्थ उलगडला. त्या मुलीच्या झग्याच्या कडेकडे त्यांनी लक्ष वेधलं होतं. चित्रकाराने धागा न् धागा काढलेली ही पांढरीशुभ्र कड, ती लवकरच रस्त्याच्या धुळीत आणि पावसात मळणार आहे, कारण हा पुरुष हिला टाकून देईल. झग्याच्या किनारीत एका बाईचं पुढचं आयुष्य वाचणारे हे रस्किन. हे लक्षात ठेवा, कारण हेच रस्किन पुढे एका चित्रकाराला न्याय देऊ शकले नाहीत, असं माझं मत आहे.

तो चित्रकार म्हणजे जेम्स टिसो. जन्माने फ्रेंच, १८३६ सालचा, नांत या बंदराच्या गावचा. मूळ नाव जाक-जोसेफ; इंग्रजी पद्धतीचं जेम्स हे त्याने पुढे घेतलं. वडील कापडाचे व्यापारी आणि आई बायकांच्या टोप्या तयार करणारी. म्हणजे रेशीम, मलमल, मखमल, रिबिनी यांच्यातच हा मुलगा वाढला. कापड कसं पडतं, कुठे ताणलं जातं, कुठे त्याची चूण मोडते, हे त्याला चित्रकलेच्या शाळेत जाण्याआधीपासून ठाऊक असणार. पॅरिसमध्ये त्याचं नाव झालं. पण १८७१ साली पॅरिस कम्यून या उठावाचा रक्तपात झाला आणि तो लंडनला आला. वर्षा-दोन वर्षांत तिथल्या बड्या समाजाची चित्रं तो अशी काढू लागला, की जन्मभर तिथे राहिलेल्यांनाही ती जमली नव्हती. बाहेरून आलेल्या माणसाला रीतीभाती शिकून घ्याव्या लागतात, आणि म्हणून त्या त्याला जास्त स्पष्ट दिसतात.

१८७३ साली अकॅडमीत लागलेलं त्याचं ‘टू अर्ली’ हे चित्र आज लंडनच्या गिल्डहॉल आर्ट गॅलरीत आहे. नाचाच्या मेजवानीचा मोठा दिवाणखाना. दिवे लागलेत, जमीन चकचकीत, आणि खोली जवळजवळ रिकामी. यजमानीण वाजंत्र्यांना शेवटच्या सूचना देते आहे. आणि जमिनीच्या मधोमध एक वयस्क गृहस्थ आपल्याबरोबरच्या तरुण मुलींसह उभे आहेत. ते लवकर आले आहेत. आपल्याकडे लग्नाच्या हॉलवर फार लवकर पोचलं, खुर्च्या अजून मांडायच्याच आहेत आणि यजमान सदरा बदलायला गेलेत, की जी गत होते, तीच ही गत. कुठे बघावं कळत नाही. एकीची नजर खाली, दुसरीच्या हातात पंखा आहे पण तो हलवण्यात मन नाही. मागच्या दारातून घरातल्या नोकरमुली डोकावून बघताहेत आणि त्यांना हसू आवरत नाही.

या चित्रात कुणाचं काही बिघडलेलं नाही, कुणाचं हृदय मोडलेलं नाही. तरी मला ते त्या काळातलं एक पहिल्या प्रतीचं कथाचित्र वाटतं. कारण त्या मुलींचे झगे बघा. नाचासाठी मुद्दाम शिवलेले, झालरींवर झालरी, मागे लांब सोगा. असा झगा गर्दीत, संगीतात, दिव्यांच्या झगमगाटात वावरण्यासाठी असतो. रिकाम्या जमिनीवर तो लटका पडतो, जास्तच नटल्यासारखा दिसतो. मोठ्या घरी बोलावणं आलं की नेमक्या वेळेवर जायचं नसतं, हे या घरातल्या लोकांना कुणी सांगितलेलं नाही. पैसा आहे, कपडे आहेत, पण त्या वर्तुळात हे नवे आहेत. ही सगळी कहाणी टिसोने एकही शब्द न वापरता सांगितली आहे.

पुढच्या वर्षी, १८७४ साली, त्याने ‘द बॉल ऑन शिपबोर्ड’ मांडलं. जहाजाच्या डेकवर नाच, वर रंगीबेरंगी झेंड्यांचं छत, आणि नटलेल्या बायकांची दाटी. हे आता टेट संग्रहालयात आहे. एका नामांकित साप्ताहिकाच्या समीक्षकाने लिहिलं की इतक्या बायकांत एकही ‘लेडी’ नाही. ही शेरेबाजी क्रूर होती, पण तिच्यामागे एक नजर होती. त्या चित्रात एकसारखे झगे एकाहून अधिक बायकांच्या अंगावर आहेत. खानदानी बाईचा झगा तिच्यासाठी स्वतंत्र शिवलेला असे. दुसरीच्या अंगावर तोच दिसणं म्हणजे नामुष्की. टिसोकडे चित्रांसाठी जमवलेल्या झग्यांचा स्वतःचा साठा होता आणि तेच झगे तो वेगवेगळ्या चित्रांत फिरवून वापरी. पिवळ्या रिबिनींचा पांढऱ्या मलमलीचा एक झगा तर एकाहून जास्त चित्रांत भेटतो. या चित्रात त्याने केलेली पुनरुक्ती मला मात्र मुद्दामची वाटते. शिवणयंत्र आलं होतं. पर्किन या अठरा वर्षांच्या पोराने १८५६ साली रसायनातून जांभळा रंग काढला होता, आणि त्यापाठोपाठ भडक कृत्रिम रंगांची रीघ लागली होती. फॅशन बघता बघता विकत घेता येऊ लागली होती. गिरणीमालकाची बायको आणि सरदाराची बायको यांच्यातलं अंतर कापडावरून ओळखणं अवघड होत चाललं होतं. त्या टीकाकाराला राग आला तो याचाच.

१८७६ साली ‘द थेम्स’ या चित्रावरून तर बराच गदारोळ झाला. नदीतली छोटी होडी, एक नौदल अधिकारी आरामात रेललेला, सोबत दोन तरुण बायका, खाण्याची टोपली आणि शॅम्पेनच्या बाटल्या. आणि सोबतीला कुणीही वडीलधारं नाही. हे चित्र इंग्रजी कमी आणि फ्रेंच जास्त आहे, असं एका समीक्षकाने सुचवलं. त्या काळच्या इंग्लंडमध्ये याचा अर्थ काय होई हे सांगायला नको. टिसोने पुढच्याच वर्षी तीच मांडणी पुन्हा घेतली. पोर्ट्समथची गोदी, होडी, मध्ये स्कॉटिश हायलँडर सार्जंट, दोन्ही बाजूंना दोन तरुणी. तो एकीकडे वळून बोलतो आहे, दुसरी तोंड फिरवून बसली आहे. बाटल्या गायब. याच विषयाचं त्याने एचिंग, म्हणजे छापचित्रही केलं आणि त्याला फ्रेंच नाव दिलं, ज्याचा भाव असा की दोघींच्या मध्ये माझं मन हेलकावे खातं.

याच सुमाराचं ‘एचएमएस कलकत्ता’ हे चित्र आपल्याला आणखी जवळचं आहे. जहाजाच्या मागच्या सज्ज्यात दोन तरुणी आणि एक अधिकारी. पुढची तरुणी आपल्याकडे पाठ करून उभी आहे. कॉर्सेटने आवळलेली कंबर, अंगाबरोबर बसणारी चोळी आणि पिवळ्या रिबिनी. ही १८७६ च्या आसपासची नवी फॅशन. त्याआधी पोलादी कड्यांच्या क्रिनोलिनने घेरदार घंटेसारखे झगे चालत. ते गेले, मग मागच्या बाजूला उंचवटा देणारं बसल आलं. तेही काही वर्षं मागे पडलं आणि झगा नितंबांपर्यंत अंगाला चिकटून बसू लागला. बाईच्या शरीराचा आकार झाकण्याऐवजी दाखवणारी ही पद्धत पाहून अनेकांनी नाकं मुरडली. आणि हे ज्या जहाजावर घडतं, ते ‘कलकत्ता’ जहाज सागवानी लाकडाचं होतं आणि आपल्या मुंबईच्या गोदीत बांधलेलं. १८३१ साली ते पाण्यात उतरलं. त्या काळी मुंबईच्या गोदीतलं जहाजबांधणीचं काम वाडिया घराण्याकडे होतं. तोफा वाहण्यासाठी आपल्या कारागिरांनी घडवलेल्या त्या जहाजाच्या सज्ज्यात पंचेचाळीस वर्षांनी लंडनच्या फॅशनची ही नाजूक हालचाल चालली आहे.

आता एचिंगबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण टिसोचं खरं बळ मला तिथे दिसतं. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर देतात, सुईने त्यावर रेघा काढतात आणि पत्रा आम्लात बुडवतात. थर निघालेल्या जागी आम्ल तांबं खातं. मग त्या खाचांत शाई भरून, पत्रा पुसून, ओलसर कागदावर दाबयंत्रातून छाप काढतात. ड्रायपॉइंट याहून थेट. थर नाही, आम्ल नाही, सुई सरळ तांब्यात रुतवायची. नांगराने माती दोन्ही अंगांना उडते तशी रेघेच्या कडेला तांब्याची खरखरीत बारीक कड उठते. छाप काढताना त्या कडेत शाई अडकते आणि कागदावर मऊ, दाट काळा उतरतो. ही कड फार टिकत नाही. थोडे छाप झाले की दाबाने झिजते, म्हणून पहिल्या छापांची किंमत जास्त. टिसोला सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर या माध्यमाकडे नेलं ते सीमूर हेडन यांनी. हे हेडन व्यवसायाने शल्यवैद्य आणि लंडनमधल्या एचिंगच्या पुनरुज्जीवनाचे पुढारी.

ड्रायपॉइंटचा हा मऊ काळा म्हणजे काळ्या मखमलीला आणि फरला जणू सांगून आलेला. ‘ऑक्टोबर’ हे मूळचं त्याचं तैलचित्र, १८७७ सालचं, सव्वादोन मीटर उंचीच्या आसपास, मॉन्ट्रियलच्या संग्रहालयात. चेस्टनटच्या पिवळ्या पानांखालून काळ्या पोशाखातली एक बाई चालली आहे आणि वळून बघते आहे. काखेत पुस्तक. हाताने तिने झगा उचलला आहे, त्यामुळे आतल्या पांढऱ्या झालरीची कड आणि पायातला टाचेचा बूट दिसतो. सोगा जमिनीवरून ओढत चालणं आणि रस्त्यावर तो उचलणं, यांतला फरक त्या काळच्या बाईला रोज पाळावा लागे. उचलायचा, पण किती, हे ठरलेलं होतं. १८७८ साली त्याने याच चित्राची छापप्रत केली. रंग गेले, पिवळी पानं करडी झाली, पण तो काळा झगा कागदावर इतका जड आणि जिवंत उतरला आहे की त्याला हात लावून पाहावासा वाटतो. शिवाय अशा छापप्रती मध्यमवर्गीय घरात लागू शकत. मोठं तैलचित्र गिरणीमालकाच्या भिंतीवर, आणि त्याचीच छापप्रत डॉक्टरच्या, वकिलाच्या घरात. फॅशनचं आणि रीतीचं हे व्याकरण असं घरोघर पोचलं.

‘ऑक्टोबर’मधली ती बाई म्हणजे कॅथलीन न्यूटन. तिच्यापाशी आलं की रीतभात हा शब्द हलका राहत नाही. ती १८५४ सालची, आयरिश घरातली, वडील हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेत. सोळा-सतरा वर्षांची असताना तिला लग्नासाठी हिंदुस्थानात पाठवलं गेलं. नवरा इथे नोकरीला असलेला डॉक्टर. प्रवासात जहाजावरच्या एका कॅप्टनशी तिचे संबंध जुळले. लग्न १८७१ च्या जानेवारीत झालं आणि ही गोष्ट तिने नवऱ्याला स्वतः सांगितली. त्याने घटस्फोटाचा दावा लावला. त्याच वर्षाअखेर इंग्लंडमध्ये तिला मुलगी झाली. खरं बोलल्याची ही किंमत. घटस्फोटित आणि कुमारवयात कलंकित ठरलेली अशी बाई कुठल्याही प्रतिष्ठित घराच्या दिवाणखान्यात जाऊ शकत नव्हती. ती लंडनमध्ये बहिणीकडे राहू लागली, टिसोच्या घरापासून जवळच. १८७६ च्या सुमारास ती त्याच्या घरी राहायला आली. दोघंही कॅथलिक, त्यांच्या चर्चला घटस्फोटितेचं पुनर्लग्न मान्य नव्हतं. मोठ्या घरच्या मेजवान्यांना ती टिसोबरोबर जाण्याचा प्रश्नच उरला नाही.

आणि इथे त्याच्या चित्रांचा रोख बदलतो. दिवाणखाने, नाच, जहाजावरची गर्दी कमी होत जाते. ग्रोव्ह एंड रोडवरच्या त्याच्या घराची बाग, तिथलं तळं आणि खांबांची रांग हेच चित्राचं जग होतं. बागेतल्या खुर्चीत कॅथलीन, झुल्यावर कॅथलीन, पुस्तक वाचणारी कॅथलीन, आजूबाजूला तिची आणि बहिणीची मुलं. टिसोने नाइलाजाचं स्वर्गात रूपांतर केलं, असं या चित्रांबद्दल म्हणता येईल. पण ज्या चित्रकाराने लवकर आलेल्या पाहुण्यांची पंचाईत एवढ्या बारकाईने टिपली होती, त्यालाच आपल्या माणसासाठी कुठलंही बोलावणं मिळणार नव्हतं, हेही ही चित्रं बघताना मला विसरता येत नाही.

१८७७ साली ग्रोव्हनर गॅलरी उघडली, तिथे टिसोची चित्रं लागली. रस्किन यांनी त्यांचं कसब मान्य केलं आणि मग ती उथळ, बाजारू समाजाची रंगवलेली छायाचित्रं ठरवून मोकळे झाले. मला हे पटत नाही. होल्मन हंटच्या झालरीत एका बाईचं नशीब ज्यांना दिसलं, त्यांना टिसोच्या झालरीत ते का दिसू नये? फरक इतकाच की हंट बाईच्या पतनाची कथा सांगून धडा देतो, आणि टिसो धडा देत नाही. तो रीत दाखवतो आणि ती रीत माणसाच्या अंगाला कुठे टोचते तेवढं दाखवून थांबतो.

कॅथलीनला क्षयाने गाठलं. १८८१ च्या ‘समर ईव्हनिंग’ या छापचित्रात ती वेताच्या खुर्चीत रेलून बसलेली आहे. तोच ड्रायपॉइंटचा काळा, पण आता तो नटण्यासाठी राहिलेला नाही. चेहरा ओढलेला आहे. १८८२ च्या नोव्हेंबरात, अठ्ठावीस वर्षांची असताना, ती गेली. टिसोने आठवड्याच्या आत लंडन सोडलं ते कायमचं. ते घर पुढे आल्मा-टॅडेमा या चित्रकाराने घेतलं. टिसो पॅरिसला परतला, आधुनिक पॅरिसच्या बायकांवर एक चित्रमालिका केली आणि मग ख्रिस्ताच्या जीवनावरच्या साडेतीनशे जलरंगांत बरीच वर्षं घातली. १९०२ साली तो वारला.

त्याच्या चित्रांत पुन्हा पुन्हा दिसणारी ती बाई कोण, हे मात्र लोक विसरून गेले. कित्येक वर्षं तिचा उल्लेख ‘ती गूढ स्त्री’ असाच होत राहिला. समाजाने आधी तिला दारं बंद केली होती, मग नावही पुसलं गेलं. १९४६ साली लिलियन हर्व्ही या वृद्ध बाईंनी पुढे येऊन सांगितलं की ती माझी मावशी, कॅथलीन न्यूटन. लिलियन हर्व्ही स्वतःही त्या बागेतल्या चित्रांत आहेत, लहान मुलीच्या फ्रॉकमध्ये.

नमस्कार.